चौसष्ट सेट, चार चॅनेल: ट्रंकिंगमध्ये वाटणी कशी होते आणि तुम्हाला ते परवडेल का

प्रश्न थोडक्यात असा आहे. केमिकल प्लांट, ६४ वॉकीटॉकी, चार रिपीटर (सेटचा आवाज पकडून जोरात पुढे फेकणारी यंत्रं), चार चॅनेल. मेंटेनन्स, प्रॉडक्शन, स्टोअर-डिस्पॅच आणि सिक्युरिटी अशी खातेनिहाय वाटणी. मेंटेनन्सचा चॅनेल सकाळभर एंगेज, त्याच वेळी सिक्युरिटीच्या चॅनेलवर चिटपाखरू नाही. पुरवठादार म्हणतोय, ‘ट्रंकिंग करून घ्या, याच चार चॅनेलवर दीडशे सेट आरामात चालतील.’ हे खरं आहे का, आणि चार चॅनेल इतक्या जणांना पुरतात तरी कसे?

पुरतात, कारण प्रत्येक जण बहुतेक वेळ गप्प असतो. ट्रंकिंग नवा चॅनेल तयार करत नाही, सगळ्यांचा गप्प बसण्याचा वेळ एका पिशवीत गोळा करतं आणि ज्याला बोलायचंय त्याला त्यातून काढून देतं. पण त्या पिशवीची राखण करायला एक चॅनेल खर्ची पडतो, आणि तुमच्याकडे एकूण चारच आहेत. पुरवठादार जसं सांगतोय तसंच केलंत तर तुमचं दुखणं जवळपास आहे तिथेच राहील. कसं ते आकड्यांनी दाखवतो, पण आधी मूळ कल्पना.

जुन्या चाळींत मजल्यावर सोळा खोल्या आणि टोकाला चार संडास असायचे. काही चाळींत चार-चार बिऱ्हाडांना एक संडास नेमून दिलेला, त्याला कुलूप, किल्ल्या त्या चार घरांत. सकाळी सातला तुमच्या दारापुढे तीन माणसं टमरेल घेऊन उभी आणि शेजारचा संडास रिकामा, पण कुलूपबंद. काही चाळींत चारही उघडे असायचे: रांग एकच, जो मोकळा होईल त्यात पुढचा. संडास तेवढेच, माणसं तेवढीच, पोटंही तीच, पण दुसऱ्या चाळीत सकाळची भांडणं कमी. तुमचे आजचे चार चॅनेल म्हणजे किल्लीवाली चाळ. ट्रंकिंग म्हणजे कुलपं काढून एक रांग लावणं.

हा शब्दही टेलिफोनवाल्यांकडून आलेला आहे. ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून पोस्टात वाट पाहिली आहे त्यांना तो आठवत असेल. दोन शहरांमध्ये मोजक्याच ट्रंक लाइन असायच्या, गिऱ्हाइकं हजारो. ऑपरेटर जी लाइन मोकळी होईल ती पुढच्याला जोडून द्यायची. रेडिओने शब्दही उचलला आणि पद्धतही, फक्त ऑपरेटरच्या जागी कंट्रोलर नावाचा संगणक बसवला.

या रांगेचं गणितही टेलिफोनचंच आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप अर्लांगने १९१७ साली ते मांडलं, आणि आम्ही आजही तेच वापरतो. एक चॅनेल तासभर अखंड भरलेला असेल तर तो एक अर्लांग भार. आता तुमचे चारही चॅनेल, सोयीसाठी, गर्दीच्या तासात सारखेच भरलेले धरू: प्रत्येकी ३६ मिनिटं, म्हणजे ०.६ अर्लांग, एकूण २.४. एकदा बटण दाबलं की सरासरी १० सेकंद बोलणं.

किल्लीवाल्या पद्धतीत बटण दाबणाऱ्याला १०० पैकी ६० वेळा थांबावं लागतं आणि सरासरी प्रतीक्षा १५ सेकंद येते. चारही चॅनेल एकत्र केले तर थांबण्याची वेळ २९ टक्क्यांवर येते आणि प्रतीक्षा जेमतेम १.८ सेकंद. पुरवठादार दाखवतो तो तक्ता हाच असणार. मात्र त्यात राखणदार धरलेला नाही. चारपैकी एक चॅनेल कंट्रोलसाठी, म्हणजे कोणाला कुठला चॅनेल द्यायचा ते संदेश वाहायला, बाजूला काढला की बोलायला उरतात तीन, आणि तोच २.४ अर्लांगचा भार त्या तिघांवर येतो. आता १०० पैकी ६५ जणांना थांबावं लागतं आणि प्रतीक्षा सुमारे ११ सेकंद. म्हणजे थांबणारे वाढले, थांबणं किंचित कमी झालं, आणि मध्ये काही लाख रुपये गेले.

मोठ्या प्रणालीत हेच चित्र पालटतं. तोच साठ टक्क्यांचा भार बोलण्याच्या दहा चॅनेलवर असेल तर थांबावं लागतं फक्त १० टक्के वेळा आणि प्रतीक्षा पाव सेकंद. कंट्रोलचा एक चॅनेल अकरातून गेला तर कळतही नाही, चारातून गेला तर कंबरडं मोडतं. म्हणून ट्रंकिंग हे मुळात मोठ्या कुटुंबाचं काम आहे.

आता यातली एक गोष्ट, जी विक्रेते सांगत नाहीत आणि बरेच इंजिनियरही विसरतात. एका ग्रुपमध्ये, म्हणजे एकमेकांचं बोलणं ऐकणाऱ्या सेटच्या गटात, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. तुम्ही ट्रंकिंग घेतलंत आणि चार खात्यांचे चारच टॉकग्रुप ठेवलेत, तर मेंटेनन्सचा फिटर मेंटेनन्सच्याच इलेक्ट्रिशियनचं बोलणं संपायची वाट पाहत बसणार. शेजारी दोन चॅनेल रिकामे असले तरी त्याला उपयोग शून्य, कारण तो ग्रुपच एकाच माणसाच्या तोंडात अडकलेला आहे. वरचं गणित खरं ठरतं ते ग्रुप चॅनेलपेक्षा बरेच जास्त असतील तेव्हा. मेंटेनन्सचे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट असे तीन, शिवाय क्रेन-रिगिंगचा वेगळा. प्रॉडक्शनचे प्लांटनिहाय. सिक्युरिटीचं गेट वेगळं, गस्त वेगळी. असे पंधरा-सोळा छोटे ग्रुप, प्रत्येक जण बहुतांश गप्प, की मग पिशवीत काहीतरी जमतं.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते बघू.

सेट खिशात गप्प असतो तेव्हा तो रिकामा नसतो. तो कंट्रोल चॅनेल ऐकत असतो, सतत. त्या चॅनेलवर माणसाचा आवाज कधीच नसतो, फक्त डेटाची किरकिर. तुम्ही पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलंत की सेट आवाज पाठवत नाही. तो आधी एक छोटा संदेश पाठवतो: मी सेट क्रमांक अमुक, मला ग्रुप तमुकशी बोलायचंय. कंट्रोलर बघतो की हा सेट आपला आहे का, या ग्रुपवर बोलायची त्याला मुभा आहे का, कुठला चॅनेल मोकळा आहे. मग कंट्रोल चॅनेलवर घोषणा करतो: ग्रुप तमुकने चॅनेल तीनवर जावं. त्या ग्रुपचे सगळे सेट ते ऐकतात आणि आपणहून तीनवर उडी मारतात. बाकीच्या ग्रुपचे सेट जागचे हलत नाहीत. तुमच्या हातातल्या सेटमधून छोटा ‘टिट्‌टिट्’ येतो, म्हणजे बोला. डिजिटल प्रणालीत हा सगळा कारभार साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतो. बोलणं संपलं की सगळे परत कंट्रोल चॅनेलवर. पुढच्या वेळी त्याच ग्रुपला चॅनेल एक मिळेल, नाहीतर चार. कोणाला कळायचं कारण नाही.

चॅनेल मोकळा नसेल तर नकाराचा जाडसर आवाज येतो आणि तुमचं नाव रांगेत लागतं. पाळी आली की सेट स्वतः वाजतो. तोवर पुन्हापुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही, तरी सगळे दाबतात.

त्या ‘टिट्‌टिट्’ची गोष्ट थोडी लांबवतो, कारण प्लांटमध्ये खरा धोका इथे आहे. जुन्या साध्या सेटवर लोकांना सवय असते बटण दाबता दाबता बोलायची. ट्रंकिंगवर तसं केलं की पहिला शब्द हवेत विरतो. एका साइटवर रिगरने क्रेनवाल्याला सांगितलं, “थोडं खाली घे.” क्रेनवाल्याला ऐकू गेलं, “खाली घे.” लोड जमिनीपासून हातभर उंच होता म्हणून फक्त लाकडी ठोकळे फुटले. तेव्हापासून ट्रेनिंगमध्ये मी पहिला अर्धा तास फक्त हेच करून घेतो: दाबा, टिट्‌टिट् ऐका, मग तोंड उघडा. आणि क्रेनच्या हुकमात महत्त्वाचा शब्द पहिला ठेवायचा नाही. “क्रेन, क्रेन, थोडं खाली.” पहिलं ‘क्रेन’ गेलं तर गेलं.

आता त्या राखणदाराकडे. परवानगी मागणारे संदेश सगळे एकाच कंट्रोल चॅनेलवरून आत येतात, आणि कोण कधी मागेल याला काही वेळापत्रक नाही. दोघांनी एकाच क्षणी मागितलं तर दोन्ही संदेश एकमेकांवर आपटतात आणि कंट्रोलरला दोन्ही कळत नाहीत. मग दोन्ही सेट थोडा वेळ, प्रत्येकाचा वेगळा आणि नशिबाने ठरलेला, थांबून पुन्हा मागतात. ही पद्धत हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना काढली. ते जाळं १९७१ साली सुरू झालं, त्याचं नाव अलोहानेट. ब्रिटनमध्ये १९८८ साली आलेल्या एमपीटी १३२७ या मानकात तर ‘आता मागा’ असं सांगणाऱ्या संदेशाचं नावच अलोहा आहे. मी ज्या प्रणालींवर हात मळवले त्या याच मानकाच्या होत्या. कंट्रोल चॅनेलला स्पीकर जोडून ऐकलं की सेकंदाला बाराशे बिटांची ती एकसुरी किरकिर अजूनही झोपेत ओळखेन.

अलोहाची मर्यादा ठरलेली आहे. वेळेचे कप्पे पाडून कितीही शिस्तीने केलं तरी त्यातले जास्तीत जास्त ३७ टक्के कप्पेच कामी येतात, बाकीचे रिकामे जातात किंवा आपटण्यात. एमपीटी १३२७ मध्ये एक कप्पा १०७ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला नऊ-सव्वानऊ कप्पे. त्याचे ३७ टक्के धरा, तर सेकंदाला साडेतीन विनंत्या. साठ-सत्तर सेटच्या बोलण्याला हे भरपूर आहे. पण एखादा साहेब म्हणतो, ‘गाड्यांना जीपीएस लावू, दर दहा सेकंदांनी जागा कळली पाहिजे.’ गाड्या शंभर असतील तर सेकंदाला दहा संदेश झाले. दरवाजा तिथेच चेंगरला. बोलायचे चॅनेल मोकळे पडलेले असतात आणि लोक ओरडतात की सेट लागत नाही. जीपीएस हवंच असेल तर त्याला वेगळा डेटा चॅनेल द्या किंवा ज्या प्रणालीत गाड्यांना पाळीने कप्पे नेमून देता येतात ती घ्या.

दुसरी चेंगराचेंगरी असते लाइट गेल्यावर. रिपीटर साइट, म्हणजे रिपीटर आणि अँटेना बसवलेली जागा, बंद पडून परत सुरू झाली की प्रत्येक सेटला आधी आपली हजेरी नोंदवायची असते. शे-दोनशे सेट एकाच क्षणी दारावर. चांगल्या प्रणाली कप्पे पसरवतात, सेटना थांबून थांबून यायला लावतात. तरी ते पहिलं मिनिट अस्वस्थ करणारं असतं, आणि नेमकं त्याच मिनिटाला कोणाला तरी तातडीने बोलायचं असतं, कारण लाइट गेलेले आहेत.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीची ट्रंकिंग प्रणाली जुनी होती. जानेवारी २०१७ मध्ये फोर्ट लॉडरडेल विमानतळावर गोळीबार झाला, आणि १४ फेब्रुवारी २०१८ ला पार्कलंडच्या मार्जरी स्टोनमन डग्लस शाळेत, जिथे १७ जण मारले गेले. दोन्ही वेळा ठिकठिकाणचे पोलीस धावून आले, सगळ्यांचे सेट एकाच वेळी प्रणालीत शिरू लागले, आणि दरवाजा तुंबल्यावर प्रणालीने स्वतःला वाचवायला आत येणाऱ्यांचा वेग कमी केला. याला तिथे थ्रॉटलिंग म्हणतात. आत असलेल्या पोलिसांना बोलता येईना, हातवाऱ्यांवर काम आलं. नंतर राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाने हे सविस्तर नोंदवलं. अर्लांगचं गणित गृहीत धरतं की माणसं एकमेकांशी संबंध नसल्यासारखी, केव्हाही बोलतात. आणीबाणीत सगळे एकाच कारणासाठी एकाच क्षणी बोलतात. तुमच्याकडे ऑनसाइट इमर्जन्सीचं मॉक ड्रिल होतं ना? भोंगा वाजल्यानंतरची पहिली तीन मिनिटं हाच प्रणालीचा खरा पेपर असतो. पुरवठादाराला त्या दिवशी बोलावून बाजूला उभं करा.

दोन-चार गोष्टी आणखी, ज्यांत चॅनेल गुपचूप खाल्ला जातो.

एक म्हणजे रेंगाळणं. बोलणाऱ्याने बटण सोडलं की चॅनेल लगेच काढून घ्यायचा, का उत्तर येईल म्हणून थोडा वेळ त्याच ग्रुपकडे ठेवायचा? ठेवला तर बोलणं सलग होतं, पण हवा रिकामी जाते. चार सेकंद बोलणं आणि तीन सेकंद राखून ठेवणं असं सेटिंग असेल तर व्यापलेल्या वेळातला ४३ टक्के वेळ शांततेला गेला. लगेच काढून घेतला तर प्रत्येक उत्तरासाठी नवी विनंती, आणि गर्दीत कधी कधी प्रश्न पोचतो नि उत्तर रांगेत अडकतं. मी प्लांटमध्ये एक ते दीड सेकंदावर ठेवतो आणि क्रेनच्या ग्रुपला तेवढे तीन देतो. फॅक्टरीतून आलेलं सेटिंग बहुतेकांनी कधी उघडूनही पाहिलेलं नसतं.

दुसरं, एकाहून जास्त रिपीटर साइट असतील तर. तुमचा प्लांट एका साइटमध्ये मावतो, त्यामुळे ही गोष्ट तुमच्या कामाची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका मोठ्या प्रकल्पावर पाच साइट होत्या. टेकडीवरच्या साइटला बोलायचे दोनच चॅनेल, आणि तिथे रोज संध्याकाळी सातनंतर सगळं एंगेज. टेकडीवर तर काम काहीच नाही. आठवडाभर डोकं खाजवलं, अँटेना बदलली, कंबाइनर तपासला. शेवटी नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की सात वाजता वीस-बावीस सेट त्या साइटवर हजेरी लावतात आणि सकाळपर्यंत हलत नाहीत. टेकडीखाली अधिकाऱ्यांची कॉलनी होती. साहेब लोक घरी येऊन सेट चार्जरला लावत, पण बंद करत नसत. आता ट्रंकिंगचा नियम असा की ग्रुपचा एक जरी सेट एखाद्या साइटवर हजर असला तरी त्या ग्रुपचं प्रत्येक बोलणं तिथेही पोचवायचं, म्हणजे तिथलाही एक चॅनेल अडवायचा. खाली रात्रपाळी बोलत होती आणि वर वीस घरांतल्या कपाटांवर ते ऐकवलं जात होतं. उपाय फुकटात झाला: कोणता ग्रुप कोणत्या साइटवर न्यायचा याची यादी कंट्रोलरमध्ये भरली. साहेबांना सेट बंद करायला सांगण्याचा मार्गही होता, पण तो कागदावरच सोपा.

तिसरं, खासगी कॉल. ट्रंकिंगमध्ये एका सेटवरून दुसऱ्या एकाच सेटला लावता येतं, बाकीच्यांना ऐकू जात नाही. मिळाल्या दिवसापासून लोक त्यावर ‘जेवलास का’ सुरू करतात. दोन माणसांसाठी एक आख्खा चॅनेल जातो. ही सोय सुपरवायझरच्या वर ठेवा आणि तीस सेकंदांची मर्यादा घाला.

प्राधान्याबद्दल एवढंच की रांग लागली तर पुढे कोण, हे आधी ठरवता येतं, आणि इमर्जन्सीचं नारिंगी बटण दाबलं तर चालू असलेलं कमी महत्त्वाचं बोलणं तोडूनही चॅनेल देता येतो. प्रत्येक साहेबाला प्राधान्य एक हवं असतं. सगळेच एक झाले की प्राधान्य उरत नाही. फायर आणि सेफ्टी वर, क्रेन त्याखाली, बाकी सगळे एका पायरीवर, बास.

आता कोणती प्रणाली. एमपीटी १३२७ नवीन घेऊ नका, तिचा काळ सरला. अमेरिकेत एलटीआर नावाची एक पद्धत होती, तिच्यात वेगळा कंट्रोल चॅनेलच नव्हता. प्रत्येक रिपीटर आवाजाच्या खाली, कानाला न जाणवणारा, सेकंदाला ३०० बिटांचा डेटा सोडत राहायचा आणि सेट त्यावरून मोकळा रिपीटर शोधायचे. छोट्या प्रणालीला हे उत्तम होतं, कारण राखणदार पगार घेत नव्हता. टेट्रा ही युरोपीय पद्धत, दिल्ली मेट्रोसारख्या ठिकाणी वापरात आहे. २५ किलोहर्ट्झच्या एका कॅरियरमध्ये (एका रेडिओ लहरीवर) चार टाइमस्लॉट, म्हणजे पाळीपाळीने येणारे वेळेचे कप्पे, त्यातला एक कंट्रोलला, तीन बोलायला. काम सुंदर, पण चौसष्ट सेटच्या प्लांटला ती म्हणजे लग्नाच्या पंगतीचं पातेलं चहाला घेणं.

तुमच्या मापाचं आहे डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ. त्यात साडेबारा किलोहर्ट्झचा एक चॅनेल ३०-३० मिलिसेकंदांच्या दोन टाइमस्लॉटमध्ये वाटला जातो, एकाच फ्रिक्वेन्सी जोडीवर (एक पाठवायची, एक ऐकायची) दोन बोलणी. तुमच्या चार जोड्यांचे आठ स्लॉट होतात. आता गणित पुन्हा करू. ट्रंकिंग न करता नुसते आठ स्लॉट ग्रुपांना वाटून दिले तर प्रत्येकावर ०.३ अर्लांग, थांबणं ३० टक्के, प्रतीक्षा चार-सव्वाचार सेकंद. आजच्या पंधरा सेकंदांपेक्षा हेही पुष्कळ बरं. ट्रंकिंग करून फक्त तीन जोड्या वापरल्या तर सहा स्लॉट, एक कंट्रोलला, पाच बोलायला: थांबणं ११ टक्के, प्रतीक्षा अर्ध्या सेकंदाहून कमी. चारही जोड्या घातल्या तर बोलायला सात स्लॉट आणि थांबणं शंभरात एखाद-दुसऱ्या वेळी. म्हणजे तीन जोड्यांचं डीएमआर ट्रंकिंग चार जोड्यांच्या वाटून दिलेल्या डीएमआरला प्रतीक्षेत जवळजवळ दहापट मागे टाकतं. चौथी जोडी हातात राहते ती फायर-सेफ्टीला, ट्रंकिंगच्या बाहेर, साध्या पद्धतीने. मी असंच करेन.

ट्रंकिंगच्या बाहेर का? कारण कंट्रोलर हा एकच डबा आहे आणि डबे बंद पडतात. बंद पडला की साइट आपणहून साध्या पद्धतीवर येते, प्रत्येक ग्रुप आधी ठरवून दिलेल्या चॅनेलवर जाऊन बसतो, सेटच्या पडद्यावर तशी खूण येते. पंधरा ग्रुप सहा चॅनेलवर कोंबलेले, सगळे एकमेकांचं ऐकतायत, आणि कोणालाच माहीत नाही की असं का झालं. वर्षातून दोनदा मुद्दाम कंट्रोलर बंद करून तासभर तसं काम करून पाहा. आणि त्या तासातही फायर टीमचा चॅनेल त्यांचाच राहिला पाहिजे.

डीएमआरमध्येही दोन प्रकार विचारून घ्या. टियर ३ म्हणजे पूर्ण ट्रंकिंग, कंट्रोल चॅनेल कायमचा वेगळा. आणि काही उत्पादकांकडे छोट्या जागेसाठी एक मधली पद्धत असते, तिच्यात मोकळ्या स्लॉटपैकी कोणताही एक ‘थांबा’ म्हणून धरला जातो, सगळे सेट तिथे उभे राहतात, आणि तो स्लॉट बोलण्यात गेला की पुढच्या मोकळ्या स्लॉटवर सरकतात. राखणदारच बोलायलाही लागतो, असं समजा. तुमच्या आकाराला ही पद्धत पुष्कळदा पुरते आणि वेगळा कंट्रोलरही लागत नाही. अडचण एवढीच की ती उत्पादकाची स्वतःची असते, पुढे दुसऱ्याचे सेट घ्यायचे म्हटलं तर दार बंद. आणि सेट कोणत्याही पद्धतीचे घ्या, तुमच्या धोकादायक झोनच्या दर्जाला प्रमाणित आहेत का ते आधी बघा. स्वस्त सेटचा सगळा हिशोब तिथे फिरतो. फ्रिक्वेन्सी परवान्यातल्या जोड्या त्याच राहिल्या तरी उपकरण आणि पद्धत बदलते आहे, तेव्हा दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे काय दुरुस्ती लागते ते ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या, नंतर नाही.

पण या सगळ्याआधी एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. वरचे ३६ मिनिटं आणि १० सेकंद हे मी धरलेले आकडे आहेत, तुमचे नाहीत. रिपीटरमध्ये नोंदीची सोय असेल तर आठवड्याच्या नोंदी काढा. नसेल तर एका ट्रेनीला चार सेट, एक वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच देऊन कंट्रोल रूममध्ये बसवा. सकाळी साडेसहा ते साडेनऊ, मग दुपारी पाळी बदलताना अडीच ते चार. कोणत्या चॅनेलवर, किती सेकंद, आणि बोलणारे फिटर होते, इलेक्ट्रिशियन होते का क्रेनवाले. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण ग्रुप किती पाडायचे ते त्यावरून ठरतं. पाच दिवसांची वही भरली की सर्वांत गर्दीच्या तासाची सेकंदं मिळवा, ३६०० ने भागा, आणि तो आकडा घेऊन पुरवठादाराला विचारा: एवढ्या अर्लांगला, कंट्रोल चॅनेल वजा करून, सरासरी किती सेकंद थांबावं लागेल? त्याने कागदावर मांडून दाखवलं तर पुढचं बोला.